मांजराने कोळी खाल्ला तर?



या पानाकडे येणाऱ्या पत्रांत बहुतेक प्रश्न मुलांच्या शाळेचे, रेशनकार्डाचे, जातीच्या दाखल्याचे, नाहीतर दुखण्याखुपण्याचे असतात. या वेळी एका भगिनीने वेगळाच प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या घरी मांजर आहे. गटाराच्या कडेला सापडलेले पिल्लू मुलीने आणले, वाढविले. ते आता मोठे झाले आहे आणि भिंतीवरचे कोळी पकडून खाते. शेजारच्या आजींनी सांगितले, "कोळी विषारी असतो. मांजर तर मरेलच, पण ते ज्याला चाटेल त्याच्या अंगावर फोड उठतील." त्यातच मुलीच्या मानेवर खरोखर फोड आले. मग घरातील मंडळींनी ठरविले की मांजर गोणीत घालून दूर सोडून यायचे आणि मुलीला फोड 'उतरविणाऱ्या'कडे न्यायचे. मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. त्या भगिनी विचारतात, "भाऊ, खरे काय ते सांगा. मांजराने कोळी खाल्ला तर धोका आहे का?"

उत्तर आधी देतो. आपल्या घरांत भिंतीवर, मोरीत, माळ्यावर जे कोळी दिसतात, ते खाल्ल्याने मांजराला सहसा काहीही होत नाही. मांजराने कोळी खाल्ला म्हणून माणसाच्या अंगावर फोड तर मुळीच येत नाहीत. तेव्हा मांजर गोणीत घालू नका. मुलीला उतरविणाऱ्याकडे नेऊ नका, डॉक्टरकडे न्या.

आता हे 'मी सांगतो म्हणून' माना, असे म्हणणे आपल्याला शोभणार नाही. कालामांनी भगवान बुद्धांना विचारले होते की इतके लोक इतक्या गोष्टी सांगतात, आम्ही कोणाचे खरे धरावे? त्यावर बुद्धांनी त्यांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असाच मार्ग दाखविला. शेजारच्या आजींचा मान ठेवू, त्यांच्या पाया पडू. पण कोळ्याची गोष्ट पारखूनच घेऊ.

टोचलेले विष आणि खाल्लेले विष

आपण दोन निरनिराळ्या वस्तूंना 'विष' हा एकच शब्द वापरतो, तेथेच घोटाळा होतो. एक विष पोटात गेले की बाधते. धोत्र्याचे बी, उंदराचे औषध ही त्याची उदाहरणे. दुसरे विष दातातून किंवा नांगीतून अंगात टोचले गेले म्हणजे बाधते. सापाचे, विंचवाचे आणि कोळ्याचे विष या दुसऱ्या प्रकारचे आहे.

कोळ्याचे विष मुख्यतः प्रथिनांचे आणि त्यासारख्याच घटकांचे बनलेले असते. डाळीत, अंड्यात, मासळीत आपण जी प्रथिने खातो, त्यांचे पोटातील आम्ल आणि पाचक रस तुकडे तुकडे करून टाकतात. मांजराच्या पोटात कोळ्याच्या विषाचेही तेच होते. विष म्हणून त्याचे काम संपते आणि ते अन्न म्हणून पचून जाते.

कोळ्याला हे विष लागते तरी कशाला? माशी, डास, झुरळ असले भक्ष्य लुळे करण्यासाठी. जवळजवळ सर्वच कोळ्यांत विष असते, पण ते एवढ्याशा किड्याच्या मापाचे असते. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे, भारतात दीड हजारांहून अधिक. त्यांतल्या माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा जाती फारच थोड्या. आपल्या घरातील बहुतेक कोळ्यांचे दात तर माणसाच्या कातडीत नीट शिरतही नाहीत.

कंबोडिया हा बौद्ध धम्म मानणारा देश. तेथे स्कून नावाच्या गावात तळहाताएवढे केसाळ कोळी तळून रस्त्याच्या कडेला विकतात. प्रवासी गाडीतून उतरून ते विकत घेऊन खातात. तेथे माणसे चवीने खातात, तर आपल्या घरातील एवढासा कोळी खाऊन मांजर मरेल हे मानायला कारण उरत नाही.

एक गोष्ट मात्र खरी. चावला जाण्याआधी जिवंत कोळी मांजराच्या ओठाला, जिभेला किंवा पंजाला डसू शकतो. हे विष टोचलेले असते, म्हणून तेवढ्या जागी सूज येते, मांजर लाळ गाळते, पंजाने तोंड पुसत राहते. घरातल्या कोळ्यांच्या बाबतीत हा त्रास थोडा वेळ टिकतो आणि आपोआप जातो. पाणी पिऊ द्या, शांत बसू द्या, एवढे पुरे.

आपल्या घरातले कोळी

आपल्या घरांत मुख्यतः तीन तऱ्हेचे कोळी दिसतात. पहिला मोठा, चपटा, तपकिरी कोळी. तो जाळे विणत नाही. रात्री मोरीत, संडासात, भिंतीवर फिरतो आणि झुरळे मारतो. पाय पसरले की मुलाच्या तळहाताएवढा दिसतो, म्हणून बायामाणसे त्याला पाहून किंचाळतात. त्याची मादी पोटाखाली पांढरट चपटी पिशवी धरून चालते. काहींना ती विषाची पिशवी वाटते. ती अंड्यांची पिशवी असते.

दुसरा लांब, दोऱ्यासारख्या पायांचा कोळी. माळ्यावर, कपाटामागे, देव्हारे गेले तरी रिकाम्या राहिलेल्या कोनाड्यात हा लटकलेला असतो. बोट लावले की जाळ्यासकट थरथरतो. आपण जी जळमटे काढतो त्यांतली पुष्कळशी याचीच. तिसरा बुटका, टपोऱ्या डोळ्यांचा, उड्या मारणारा कोळी. तो दिवसा भिंतीवर, खिडकीपाशी दिसतो, माशी आणि डास पकडतो. मांजराला खेळायला हाच जास्त आवडतो, कारण तो उडी मारून पळतो.

या तिघांपैकी कोणीही मांजराला मारू शकत नाही. उलट ते झुरळे आणि डास खातात, म्हणजे आपल्याच कामाचे आहेत. अर्थात भिंतीवरच्या कोळ्याच्या भरवशावर डेंग्यू थांबत नाही. त्यासाठी पिंप झाकावे लागते आणि आठवड्यातून एकदा कोरडे करून घासावेच लागते.

अपवाद कोणते? इंग्रजीत 'विडो' म्हणजे विधवा या नावाने ओळखले जाणारे काही कोळी आहेत. मादी कधीकधी नराला खाऊन टाकते म्हणून हे नाव पडले. नाव ठेवणाऱ्यांनी तेथेही बाईलाच बोल लावला, ते असो. यांतल्या काळ्या जातीचे विष मांजराला फार बाधते. तपकिरी जात महाराष्ट्रातही आढळली आहे. तिचा दंश काळीच्या मानाने सौम्य असतो. या कोळ्यांच्या पोटाच्या खालच्या बाजूस डमरूच्या आकाराची तांबडी किंवा नारिंगी खूण असते. ते भिंतीवर मोकळे फिरत नाहीत. कुंडीच्या काठाखाली, पत्र्याच्या फटीत, जुन्या टायरमध्ये, पडून राहिलेल्या सामानाखाली असतात. सह्याद्रीच्या पट्ट्यातील गावांत मोठे केसाळ कोळीही बिळांत आणि झाडांच्या ढोलीत राहतात. त्यांचा डंख चांगलाच दुखतो. मांजर त्यांच्या वाटेला गेले तर तेथून उचलून आणावे.

दवाखाना कधी गाठावा? कोळी खाल्ल्यावर मांजर अखंड लाळ गाळू लागले, कळवळून ओरडू लागले, अंग थरथरू लागले, ताठ झाले किंवा मागचे पाय लुळे पडले, तोंड सुजून श्वास लागला, उलट्या थांबेनात, तर घरगुती उपाय करीत बसू नये. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय आहे. ते शंभर वर्षांहून जुने आहे. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तो फक्त गाईम्हशींसाठी असतो असा अनेकांचा समज आहे. तेथे मांजरही नेता येते.

विंचवाचे मात्र वेगळे. विंचू माणसाला चावला तर वेळ दवडू नये. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी किती मुले आणि शेतमजूर दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि मृत्यूचे प्रमाण अगदी खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम त्यांनी मंत्राने केलेले नाही. रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून, नोंदी ठेवून केले आहे.

'कोळी मुतला' म्हणजे काय?

पत्रातील मुलीच्या मानेवरचे फोड मी पाहिलेले नाहीत आणि मी डॉक्टरही नाही. ते कशाचे, हे डॉक्टरच तपासून सांगतील. परंतु असे फोड आले की आपल्याकडे 'कोळी मुतला', 'कोळी फिरला' असे म्हणण्याची पद्धत आहे. तो समज मात्र तपासून पाहता येतो.

कोळी अंगावर विषारी पाणी सोडीत नाही. त्याची विष्ठा घट्टसर, पांढरट ठिपक्यासारखी असते आणि तिच्यात कातडी भाजणारे काही नसते. मग फोड कशाने येतात? बहुतेक वेळा दोन कारणे असतात.

पहिले कारण एक छोटा किडा. लांबट, मुंगळ्यासारखा, काळा आणि तांबूस पट्ट्यांचा. पावसाळ्यात दिव्याच्या उजेडाला येतो. तो चावत नाही, नांगी मारीत नाही. मानेवर बसला की आपण झोपेत त्याला चिरडतो. त्याच्या अंगातील रस कातडीला लागतो आणि दुसऱ्या दिवशी तेथे आग होऊन पाणीदार फोड उठतात, पुष्कळदा ओढलेल्या रेघेसारखे. कोपराच्या घडीत लागला तर दोन्ही बाजूंना सारखाच डाग पडतो. असा किडा अंगावर दिसला तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. चिरडलाच गेला तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी.

दुसरे कारण नागीण. लहानपणी येणाऱ्या कांजिण्यांचा विषाणू शरीरात मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि पुढे कधीतरी, शरीराची ताकद कमी झाली की, पुन्हा डोके वर काढतो. एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात आणि भयंकर ठणकतात. लोक म्हणतात, नागिणीची दोन टोके जुळली की माणूस मरतो. फोड एका बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेवर येतात. ते सहसा मध्यरेषा ओलांडतच नाहीत, तर टोके जुळणार कोठून! नागीण बहुधा दोन ते चार आठवड्यांत आपोआप बरी होते आणि त्याचे श्रेय उतरविणारा घेऊन जातो. नारळ, कोंबडी, रोख दक्षिणा ही त्याची वरकमाई. परंतु विषाणूवरचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू केले तर दुखणे आटोक्यात येते. डोळ्याजवळची नागीण असेल तर त्या तासांवर दृष्टी अवलंबून असते. उतरविणाऱ्याच्या ओट्यावर आपण पैसे घालवतो हे तर झालेच, पण हे तासही तेथेच घालवतो.

आणखी एक गोष्ट सर्व कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर तो कायदा झाला. कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

खरे विष कोठे आहे?

ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या आसपास एक कोळी आहे. तो डसला आणि उपचार झाला नाही तर माणसाचा जीव जाऊ शकतो. पण त्याच कोळ्याचे विष कुत्र्या-मांजरांना त्या मानाने फारच कमी बाधते. म्हणजे माणसाला जे विष ते मांजराला विष असेलच असे नाही. मांजर म्हणजे छोटा माणूस नव्हे.

हे उलट बाजूनेही खरे आहे आणि आपले लक्ष तिकडे कमी असते. ताप आला की आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो. मांजराच्या यकृताला ती गोळी निकामी करून बाहेर टाकता येत नाही. 'मांजर गरम लागते' म्हणून कोणी प्रेमाने एखादी गोळी दुधात विरघळवून दिली, तर तेवढ्याने ते मरू शकते. कोळ्याला आपण विषारी म्हणतो आणि खरे विष पाकिटातून काढून हाताने भरवतो.

तीच गोष्ट कीटकनाशकांची. भीमजयंतीपूर्वी, धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी आपण घर झाडतो, रंगवतो, जळमटे काढतो. चांगली पद्धत आहे. पण हल्ली त्याबरोबर फवारा, पावडर आणि झुरळांचा खडूही येतो. यांतील पुष्कळशा औषधांत पायरेथ्रॉइड वर्गातील रसायने असतात. त्यांतले परमेथ्रिन मांजराला विशेष घातक आहे, कारण याही बाबतीत त्याचे यकृत कमी पडते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे औषध मांजराच्या मानेवर लावले तर मांजर थरथरू लागते, आचके देते, मरतेही. मांजर दिवसभर आपले अंग चाटते. जमिनीवरची पावडर पंजाला लागते आणि पंजावरून पोटात जाते.

औषध मारलेल्या भिंतीवरचा कोळी मांजराने खाल्ला तर? एका कोळ्याच्या अंगात मांजराला मारण्याइतके औषध सहसा नसते. धोका त्या भिंतीवर आणि फरशीवर आहे. म्हणजे कोळ्याच्या भीतीने आपण जे औषध पसरतो, तेच कोळ्यापेक्षा किती तरी घातक ठरते.

आणि येथे प्रश्न फक्त मांजराचा राहत नाही. औषधाच्या डब्यावर लिहिलेले असते: खोली बंद ठेवा, मुलांना आणि प्राण्यांना दूर ठेवा, अन्न झाकून ठेवा. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चार खोल्यांचे घर असते. आपल्यापैकी अनेकांचे घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. तीच झोपायची, तीच स्वयंपाकाची, तीच मुलांच्या अभ्यासाची. झुरळांचा खडू रेघ ओढून जेथे ठेवला जातो, तेथेच बाळाची पाटी-पेन्सिल असते. रांगते मूल मांजराइतकेच जमिनीजवळ असते आणि मांजरासारखेच हात तोंडात घालते. मांजराला फरशीवरचे औषध बाधले, तर बाळासाठीही ती धोक्याची घंटा समजावी.

उंदराच्या औषधाचे तर विचारूच नका. ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट भाकरीच्या तुकड्याला लावून ठेवतात. ती पोटात गेली तर माणसाचे यकृत निकामी होते आणि तिच्यावर उतारा नाही. दुसऱ्या काही औषधांनी उंदराचे रक्त गोठेनासे होते. असला अर्धमेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेच विष मांजराला बाधू शकते. घरात मांजर किंवा लहान मूल असेल तर विषाऐवजी पिंजरा लावावा, हे उत्तम.

मांजराने खाऊ नये असे घरात काही असेलच तर ती पाल. पाल विषारी नसते. पण उष्ण प्रदेशांत पालींच्या शरीरात कधीकधी एका चपट्या कृमीची पिले असतात. मांजराने तशी पाल खाल्ली तर ती कृमी मांजराच्या यकृतात आणि पित्तनलिकेत घर करते. मांजराचे खाणे तुटते, उलट्या होतात, कावीळ होते. मांजर खंगत चालले आणि त्याचे डोळे पिवळे दिसले तर पशुवैद्याला 'हे पाली खाते' असे आवर्जून सांगावे.

माणसांसाठी मांजराचा खरा धोका कोळ्यापासून नाही. तो चाव्यापासून आणि ओरखड्यापासून आहे. मांजरालाही पिसाळण्याचा रोग होतो. चावले किंवा रक्त येईपर्यंत ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जावे. लस तेथे मोफत मिळते. जखमेवर हळद-चुना किंवा जळमट लावू नये. जळमटाने रक्त थांबते म्हणून ते चिकटविण्याची जुनी सवय आहे. त्याबरोबर जखमेत धूळ-घाण जाते.

पहिले शील आणि मांजर

काही उपासक विचारतात, "आपल्या घरात पंचशील आहे आणि मांजर तर जीवहत्या करते. मग ते पाळावे का?"

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा उलगडा केला आहे. गरज म्हणून मारणे आणि मारण्याच्या हौसेने मारणे यांत त्यांनी भेद केला. मांजराचे शरीर मांसावरच चालते. टॉरिन नावाचा एक घटक त्याला प्राण्यांच्या मांसातूनच मिळतो. तो न मिळाला तर मांजर आंधळे होते, त्याचे हृदय कमकुवत होते. दूधभातावर ठेवलेल्या मांजराला आपण शीलवान करीत नाही, आजारी करतो. आपल्या ताटातल्या मासळीची डोकी काटे काढून, सुकट-बोंबील मीठ धुऊन, कोंबडीची उकडलेली काळीज-पेटी त्याला द्यावी. शील पाळायचे आहे ते माणसाने. मांजराने कोळी मारला म्हणून ते पापी होत नाही. आपण मात्र अफवेवर विसंबून पाळलेला मुका जीव गोणीत भरून नाक्यावर फेकून दिला, तर पहिल्या शीलाचे काय राहिले, याचा विचार करावा. कायद्यानेही ते बरे नव्हे. प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

कोळ्याविषयीही आपल्या परंपरेत द्वेष नाही. धम्मपदाच्या तण्हावग्गात कोळ्याची उपमा येते. आपणच विणलेल्या जाळ्यात अडकणारा तृष्णेचा दास तेथे कोळ्याशी तोलला आहे. आपले भिक्खू जे परित्तपाठ म्हणतात, त्यांतील खन्ध परित्तात साप, विंचू, गोम, पाल, उंदीर यांच्याबरोबर कोळ्याचेही नाव आहे. एक भिक्खू सर्पदंशाने गेला, त्या प्रसंगी भगवंतांनी या जीवांविषयी मैत्री बाळगण्याचा उपदेश केला, अशी त्याची कथा आहे. मैत्री मनात ठेवावी आणि विंचू चावला तर दवाखाना गाठावा. परित्तपाठ हा गंडादोरा नव्हे. त्याचा गंडादोरा करून वापर केला, तर जो फास बाबासाहेबांनी सोडविला तोच आपण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने गळ्यात घालून घेऊ.

घरात एवढे करा

१. मांजराने घरातला कोळी खाल्ला तर घाबरू नका. तास-दोन तास लक्ष ठेवा. वर दिलेली लक्षणे दिसली तरच धावपळ करा.

२. जळमटे झाडूने काढा, फवाऱ्याने नव्हे. औषध मारायलाच हवे असेल तर मुले आणि मांजर शेजारी पाठवा, फरशी पुसून वाळल्यावर घरात घ्या.

३. झुरळांचा खडू, उंदराचे औषध, डांबराच्या गोळ्या वर, कुलपात ठेवा. पाटीचा खडू आणि हा खडू एका डब्यात कधीही ठेवू नका.

४. माणसाची कोणतीही गोळी मांजराला देऊ नका.

५. अंगावर फोड आले की त्याच दिवशी डॉक्टर. उतरविणारा नको.

६. मांजराला पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्या.

शेवटी एक सूचना. आपल्या विहारांत रविवारी मुलांचे वर्ग चालतात. पुढच्या रविवारी मुलांना एवढेच काम द्या: घरात किती तऱ्हेचे कोळी आहेत ते पाहून या, त्यांचे पाय मोजून या. पाय आठ भरतील. कीटकाला सहा असतात, म्हणून कोळी हा कीटक नव्हे, हे मुले आपण न सांगता शिकतील. ज्या मुलाने कोळ्याचे पाय स्वतः मोजले, त्याला 'कोळी मुतला' म्हणून फसविणे पुढे कोणालाही जड जाईल.

१९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने आपल्या संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत प्राणिमात्रांविषयी दया हे एक कर्तव्य आहे आणि त्याच्या लगेच पुढे वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे दुसरे. दोन्ही एकाखाली एक लिहिलेली आहेत. दया असेल आणि विचार नसेल तर माणूस मांजराला पॅरासिटामॉल पाजतो. विचार असेल आणि दया नसेल तर उपद्रव म्हणून गोणीत भरतो. धम्माने आपल्याला प्रज्ञा आणि करुणा एकत्र दिल्या आहेत, त्या भिंतीवरच्या कोळ्यापर्यंत पोहोचल्या पाहिजेत.

जयभीम! नमो बुद्धाय!